रात्री नऊचा दरबार

ऐतिहासिक मालिकेचा मराठी प्रेक्षक मालिका सुरू होण्याच्या आधीच नाराज असतो. राजाच्या भूमिकेत कोण, हे जाहीर झालं की त्याला नाक पटत नाही. जाहिरात झळकली की जिरेटोप पटत नाही. पहिला भाग लागला की घोड्याचा रंग पटत नाही. आणि एवढी सगळी नापसंती मनात धरून तो पहिल्या भागापासून अखेरच्या भागापर्यंत जागचा हलत नाही. सासू-सुनांची मालिका बघता बघता सुटते, कधी सुटली तेही कळत नाही. इतिहासाची मालिका मधेच सोडणं म्हणजे गड सोडून जाणं, आणि तो कलंक आपल्या घराण्यावर कोणालाच नको असतो.

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका झी मराठीवर सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस संपली. ती अडीच वर्षं आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत रात्री नऊला कोणी कोणाकडे जात नसे, आणि गेलाच तर तोंड उघडत नसे. कमिटीच्या सभा दहाला भरू लागल्या. लिफ्ट बंद पडली तर तिची तक्रारसुद्धा लोक जाहिराती लागेपर्यंत रोखून धरत. आत अडकलेल्यानेही एवढं समजून घ्यावं अशी सर्वांची अपेक्षा असे.

सर्वांत कडक प्रेक्षक तळमजल्यावरच्या पाध्येआजी. वय नव्वदीच्या घरात, कान थोडे अधू, मतं शाबूत. त्यांची अडचण पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. २००८ साली स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ लागायची, त्यात डॉ. अमोल कोल्हे शिवाजी महाराज झाले होते आणि ती मालिका आजींनी हात जोडून पाहिली होती. आता तेच कोल्हे संभाजीराजे, आणि महाराजांच्या भूमिकेत शंतनू मोघे.

“अगं, महाराज तर हे. मग हे दुसरे कोण?” आजींनी सुनेला विचारलं.

“आई, ते आता संभाजीराजे आहेत.”

“असं कसं? मी स्वतः त्यांचा राज्याभिषेक बघितलाय.”

सुनेने समजावलं, नातवाने समजावलं. शेवटी “वडिलांवर गेलाय हो तंतोतंत!” असा निवाडा देऊन आजींनीच प्रकरण मिटवलं. पुढे २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘स्वराज्यजननी जिजामाता’ सुरू झाली आणि रिमोटचं एक बटण दाबलं की नातू मोहिमेवर, दुसरं दाबलं की त्याची आजी परकरी पोर, असा काळ आला. पाध्येआजींनी तेही मान्य केलं. मोठ्या घराण्यात नात्यांचा गुंता व्हायचाच, असं त्यांचं मत पडलं.

त्यांना खरी काळजी लागली ती त्याच वर्षीच्या मे महिन्यात. डॉ. कोल्हे शिरूरमधून लोकसभेवर निवडून आले. हा मतदारसंघही असा, की शिवनेरी त्यातच येतो आणि शंभूराजांची समाधी असलेलं वढू बुद्रुकही. आम्ही पेढे घेऊन आजींकडे गेलो.

“संभाजीराजे दिल्लीला निघालेत, आजी!”

आजींचा चेहरा उतरला. “एकटे? बरोबर कोण दिलंय? आग्र्याला काय झालं, विसरलात एवढ्यात?”

मालिकेचा पहिला परिणाम झाला तो भाषेवर. दुसऱ्या मजल्यावरचा चिन्मय, वय वर्षं सहा, एका सकाळी आईला म्हणाला, “मासाहेब, आम्हांस दोडका मंजूर नाही.” ‘मला नको’ म्हटलं असतं तर धपाटा बसला असता, ‘आम्हांस’ म्हटल्यावर आईच क्षणभर अदबीने उभी राहिली. तेवढ्यात दोडका टळला. मग हे शस्त्र घरोघर पोहोचलं. गृहपाठाची ‘मोहीम’ उद्यावर गेली, परीक्षेतल्या ‘पराभवा’चं खापर बाकावरच्या ‘फितुरा’वर फुटलं. भाजी विसरून आलेल्या नवऱ्याला “रिकाम्या हाती परतलात?” असा सवाल दारातच होऊ लागला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर फलकावर लिहिलं, “समस्त रहिवाशांस कळविण्यात येते की उद्या टाकी धुतली जाईल.” त्याखाली कोणीतरी पेनने लिहून ठेवलं, “जगदंब, जगदंब.”

महाराजांचं अष्टप्रधान मंडळ होतं. आमच्या सोसायटीचं मंडळ तेवढं भरगच्च नव्हतं, पण खाती वाटलेली होती.

तिथी, तारीख आणि अंतर हे खातं कुलकर्णी सरांकडे. सर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. शिकवत होते तेव्हा वर्गातली मुलं झोपायची. आता अख्खी बिल्डिंग जागी राहून ऐकते, याचं त्यांना फार समाधान. मालिकेतला जासूद रायगडाहून निघाला की सर घड्याळ बघत. तो तीन भाग घोड्यावरच राहिला तर म्हणत, “एवढ्या वेळात तो दोनदा पन्हाळ्याला जाऊन येतो.” आणि एका जाहिरातीच्या आत पोहोचला तर म्हणत, “घोडा होता की एसटी?” एकूण सरांना समाधान होईल असा जासूद अडीच वर्षांत निघाला नाही.

झाडं आणि भाज्या हे खातं करमरकर मॅडमचं. त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे इतिहासाची मालिका असो की सिनेमा, त्यांचं लक्ष राजाच्या मागे काय उगवलंय याकडे. मागे गुलमोहर फुललेला दिसला की त्या उसासा टाकत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे आला तो एकोणिसाव्या शतकात. नीलगिरी ऑस्ट्रेलियाची, तीही इंग्रजांच्या काळातली. घाणेरीची झुडपं अमेरिकेकडून आलेली. एकदा कुठल्याशा जुन्या ऐतिहासिक सिनेमात एक मावळा नीलगिरीच्या बुंध्याआड दबा धरून बसला होता आणि शत्रूचे स्वार जवळ येत होते. सगळे श्वास रोखून बसलेले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “दिसणार तो. ते झाड तिथे नाहीच आहे.”

दागदागिने आणि वस्त्रप्रावरणं हे खातं कोणा एकीकडे नव्हतं, ते सामुदायिक होतं. गडावर मध्यरात्री कट शिजत असला, तरी कट करणाऱ्यांच्या अंगावर पैठणी, नथ, ठुशी, बाजूबंद असा पुरा साज असायचाच. आमच्याकडच्या बायकांना त्या कटाचा राग येई, पण दुसऱ्या मिनिटाला. पहिलं मिनिट नथीच्या मोत्यांना. येसूबाईंच्या साडीचा काठ काल कुठला होता यावर दुसऱ्या दिवशी जिन्यात चर्चा व्हायची, आणि दिवाळीला फडके रोडवर तोच काठ मागणाऱ्या चारजणी एकाच दुकानात एकमेकींना सापडायच्या. स्वराज्य कोणाच्या हाती जाईल याची चिंता होतीच. पण काठ दुसरीच्या हाती जाईल, ही जास्त.

लष्कर हे खातं मुलांचं. औरंगजेब लाखोंची फौज घेऊन दख्खनेत उतरला, हे त्यांना पाठ. पडद्यावर मात्र सगळे मिळून पन्नास-साठ. मुलं मेलेल्यांचे चेहरे लक्षात ठेवत. “ए, हा मागच्या महिन्यात मेला होता!” असा ओरडा झाला की ओळखपरेड सुरू. तोच माणूस सोमवारी मुघलांकडून पडायचा आणि गुरुवारी आपल्याकडून. मुलांनी त्याचं नाव ‘अमर’ ठेवलं. तो दिसला की टाळ्या पडत, मग तो कुठल्याही बाजूने असो.

रामशेजचा वेढा मात्र सर्वांना आवडता. नाशिकजवळचा हा किल्ला, तसा बेताचाच. पण १६८२ पासून मुघल त्याला वेढा घालून वर्षानुवर्षं बसले आणि गड काही हाती येईना. गडावर तोफा नव्हत्या, तर आतल्या लोकांनी लाकडाच्या केल्या, असं सांगतात. हे ऐकून सगळ्यांच्या छात्या फुगल्या. याच सोसायटीत त्या उन्हाळ्यात दोन दिवस पाणी आलं नाही, तर तिसऱ्या दिवशी कमिटी पडली होती.

आणि औरंगजेब. त्याच्यावर कोणाचं एक खातं पुरेसं नव्हतं. बादशहा फावल्या वेळात टोप्या शिवायचा, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक. त्यामुळे औरंगजेब म्हटला की समोर मेणबत्ती, कपाळावर आठी आणि हातात सुई. दख्खनेतून खलित्यांवर खलिते येतात, सरदार माना खाली घालून उभे राहतात, आणि हा टाके घालतोय. पाध्येआजी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत. “इतक्या वर्षांत याला एक टोपी पुरी करता आली नाही, आणि निघालाय आमचं राज्य घ्यायला.”

एवढं सगळं असलं तरी झाडं, काठ आणि घोडे ही वरवरची भांडणं. लोक बघत होते ते वेगळंच. तलवारी, तोफा, भगवा झेंडा हे सगळं बाजूला केलं तर त्या गडावर चालू काय होतं? थोरल्या मुलाचा हक्क, धाकट्याच्या आईची धुसफूस, जुन्या कारभाऱ्यांची नाराजी, मेहुण्याला हवं असलेलं वतन. थोडक्यात, सातबारा. आणि सातबाऱ्यावर मत नाही असा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय.

सोयराबाईंच्या बाबतीत बिल्डिंगमध्ये सरळ दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, सावत्र ती सावत्रच. दुसऱ्या तटाचं म्हणणं, आपल्या लेकराचं बघितलं तर आईचं काय चुकलं? कोण कुठल्या तटात, याचा मी जरा अभ्यास केला. ज्यांच्या घरात थोरल्याने आई-वडिलांचा फ्लॅट बळकावला होता, त्या सगळ्या सोयराबाईंच्या बाजूच्या.

पण सर्वांत मोठा वाद पेटला तो हंबीरराव मोहित्यांवरून. हे स्वराज्याचे सरसेनापती आणि सोयराबाईंचे सख्खे भाऊ. महाराज गेल्यावर रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं, तर मामा असून हंबीररावांनी भाच्याची बाजू सोडली आणि ते शंभूराजांच्या पाठीशी उभे राहिले. पुरुषमंडळी भारावली. केवढी ही स्वामिनिष्ठा! केवढा हा करारीपणा! बायका गप्प होत्या. मग एकजण म्हणाली, “सगळं खरं. पण भाऊबीजेला काय तोंड दाखवलं असेल?” यावर कुलकर्णी सरांकडेही संदर्भ नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिर्केकाकांची अवस्था मात्र बिकट होत चालली. काका देवमाणूस. आयुष्यभर पोस्टात नोकरी केली, सोसायटीचा हिशेब ठेवला, कधी एक रुपया इकडचा तिकडे नाही. पण मालिका पुढे सरकत होती आणि गणोजी शिर्के पडद्यावर जास्त जास्त दिसू लागले होते. गणोजी हे येसूबाईंचे भाऊ आणि महाराजांचे जावई, म्हणजे दोन्हीकडून घरचे. कादंबऱ्यांनी आणि मालिकांनी संगमेश्वरला शंभूराजे पकडले गेल्याचं खापर त्यांच्यावर फोडलंय. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही, आणि शिर्के मंडळींना ते अजिबात मान्य नाही. २०२५ मध्ये ‘छावा’ सिनेमा आला तेव्हा शिर्क्यांच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाला माफी मागावी लागली. पण ते पुढचं. आमचे शिर्केकाका २०१९ मध्ये एकटे होते.

आधी जिन्यातले नमस्कार आखडले. मग हिशेबाची वही कोणीतरी पुन्हा तपासून बघितली. शेवटी एका संध्याकाळी पाध्येआजींनी काकांना गेटपाशी गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “शिर्के, तुमच्या लोकांना जरा सांगून बघा ना. अजून वेळ आहे.”

“आजी, १६८९ ची गोष्ट आहे ती.”

“म्हणूनच म्हणते, आत्तापासून सांगा.”

काका दुसऱ्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले आणि त्यांनी तो घरोघर वाटला. समकालीन पुरावा काय म्हणतो, काय म्हणत नाही, सगळं मुद्द्यांनिशी. कुलकर्णी सरांनी गठ्ठा वाचला आणि ते गंभीर झाले. म्हणाले, यात नवं काही नाही, हे भांडण फार जुनं आहे. आणि मग त्यांनी आम्हाला चिटणिसांची गोष्ट सांगितली.

महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. शंभूराजांविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या संशयावरून १६८१ मध्ये त्यांना देहदंड झाला. त्यांच्याच वंशातले मल्हार रामराव चिटणीस यांनी १८१० च्या सुमारास बखर लिहिली, म्हणजे शतक उलटून गेल्यावर. तीत शंभूराजे कसे रंगले असतील ते सांगायला नको. व्यसनी, रागीट, राज्य बुडवणारे. हेच चित्र पुढे नाटकांत गेलं, पुस्तकांत गेलं आणि दीडशे वर्षं टिकलं. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची कित्येक वर्षं देशोदेशीची कागदपत्रं धुंडाळली आणि १९६० मध्ये शंभूराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे हा रंग खरवडायला सुरुवात झाली. मग कमल गोखले यांचं संशोधन आलं, १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली, आणि संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा, आठ-नऊ वर्षं चारही बाजूंच्या शत्रूंशी झुंजणारा राजा लोकांना नव्याने भेटला.

“म्हणजे मालिकेवरचा पहिला नाराज प्रेक्षक १८१० लाच होऊन गेला,” मी म्हटलं.

“आणि त्याच्याकडे कारण तरी होतं,” सर म्हणाले. “तुम्हाला घोड्याचा रंग.”

त्यानंतर शिर्केकाकांना पुन्हा चहाला बोलावणं गेलं. तरी संगमेश्वरचे भाग सुरू झाल्यावर ते आले नाहीत. बाकी सगळे पाध्यांच्या हॉलमध्ये. का कोण जाणे, त्या दिवसांत कोणाला एकट्याने बघवत नव्हतं. शास्त्री आणि सोनवी नद्यांच्या संगमावरचं ते गाव, १ फेब्रुवारी १६८९, कोल्हापूरहून निघालेला मुकर्रबखान. सगळ्यांना सगळं माहीत होतं. आणि माहीत असूनही हॉलमधून राजांना सूचना जात होत्या. “अहो, निघा आता.” “वाड्यात कशाला थांबलात?” “मागच्या दाराने, मागच्या दाराने!” करमरकर मॅडमच्या समोर पडद्यावर नुसतं रान होतं, पण त्या दिवशी त्यांनी एकाही झाडाचं गाव विचारलं नाही. अडीच वर्षं तारखांवरून लेखकाचं माप काढणारे कुलकर्णी सर खुर्चीच्या टोकावर आले होते आणि पुटपुटत होते, “चुकवा रे तारीख. एकदा चुकवा.”

घेरा पडला आणि नेमकी तेव्हा कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात लागली. कोणी पाणी प्यायला उठलं नाही. पडद्यावर एक बाई शर्टाची कॉलर उलटीपालटी करत होती. पाध्येआजी पुढे वाकल्या आणि टीव्हीला म्हणाल्या, “जाहिरात चाललीय तोवर निघून जा, बाळा. कोणी बघत नाहीये.”

पुढचे भाग कसे पार पडले ते सांगण्यात विनोद नाही. मुलांना नऊला आतल्या खोलीत पाठवलं जाई आणि मोठी माणसं सोफ्याच्या उशा मांडीवर घेऊन बसत. शेवटचा भाग झाला. दुसऱ्या आठवड्यात नऊच्या सुमारास लोक आपापल्या घरी नुसतेच बसून राहिले आणि मग आपल्याला जेवायचं असतं हे त्यांच्या लक्षात आलं. लिफ्टच्या तक्रारी वेळेवर येऊ लागल्या.

आजींनी मात्र टीव्हीपुढची खुर्ची सोडली नाही. “मालिका संपली, आई,” सून म्हणाली.

“संपली कशी? तो औरंगजेब जिवंत आहे ना अजून.”

कुलकर्णी सरांना पाचारण झालं. सरांनी पुढचं सगळं सांगितलं: राजाराम महाराज जिंजीला गेले, संताजी-धनाजींनी मुघलांची झोप उडवली, मग ताराराणींनी झुंज हाती घेतली; येसूबाई मात्र कैदेतून परत यायला १७१९ उजाडलं. बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला मेला, दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. आजी बोटांवर मोजत होत्या. शंभूराजांची बत्तीस वर्षं दाखवायला अडीच वर्षं लागली, तर पुढची अठरा दाखवायला किती? सरांनी हिशेब करून सांगितलं, साधारण दीड.

“मग काढा म्हणावं. दीड वर्ष मी थांबते.”

सर खूश झाले आणि शिक्षकाच्या जुन्या खोडीने एक जास्तीची माहिती देऊन बसले. मरताना औरंगजेब म्हणे सांगून गेला होता की माझ्या कफनाचा खर्च मी टोप्या शिवून कमावलेल्या पैशांतूनच करा.

आजी एकदम ताठ झाल्या. “म्हणजे पुऱ्या झाल्या होत्या टोप्या?”

“झाल्याच असणार. विकल्या होत्या ना.”

“मग अडीच वर्षांत एकदा तरी दाखवायची होती पुरी झालेली!” आजी म्हणाल्या आणि त्यांनी रिमोट सुनेच्या हातात दिला. “इतिहासाचा जरासुद्धा अभ्यास करत नाहीत हे लोक.”